मूळ आणि दोष

रोगाचे मूळ शोधणे आणि रोगाचा दोष कोणाच्या तरी माथी मारणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपण मात्र त्या सहज एक करून टाकतो. एड्सच्या इतिहासातील एक प्रकरण ह्या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे.

कॅनडातील विमानसेवक गेतान द्युगा १९८४ साली एड्सने मरण पावला. त्याच वर्षी अमेरिकन संशोधकांनी परस्परांशी शरीरसंबंध आलेल्या ४० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियाबाहेरचा रुग्ण म्हणून द्युगाची खूण इंग्रजी ‘ओ’ ह्या अक्षराने केलेली होती. ते अक्षर पुढे शून्य म्हणून वाचले गेले. १९८७ साली पत्रकार रँडी शिल्ट्स यांच्या पुस्तकाने त्याचे नाव उघड केले आणि अमेरिकेत एड्स आणणारा माणूस अशी त्याची अपकीर्ती झाली. उत्तर द्यायला तो हयात नव्हता.

पोथीच्या नकला होताना चुका साठत जातात आणि त्यांवरून कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली हे अभ्यासक ओळखतात. विषाणूच्या जनुकांतही असेच फरक साठतात. मायकेल वोरोबी व सहकाऱ्यांनी १९७८-७९ मधील आठ जणांच्या रक्तनमुन्यांतील विषाणू द्युगाच्या विषाणूशी ताडून पाहिले. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: विषाणू १९७०च्या सुमारास कॅरिबियन प्रदेशातून न्यूयॉर्कला पोहोचला होता, द्युगाचा विषाणू त्या वंशवृक्षाच्या मुळाशी नव्हता.

तो निर्दोष ठरला म्हणून आपल्याला हायसे वाटते. पण निष्कर्ष उलट निघाला असता, तर तो अपराधी ठरला असता काय? रोगाला नावही नव्हते, त्या काळी अजाणता विषाणू वाहून आणणाऱ्या पहिल्या माणसाचा दोष कोणता? कळल्यानंतरच्या वर्तनाबद्दल माणसाला जाब विचारता येतो. केवळ पहिला असल्याबद्दल नाही.

द्युगाने संशोधकांना आपल्या ७२ जोडीदारांची नावे सांगितली होती. अशा मोकळेपणावाचून साथीचा माग लागत नाही. सांगणाऱ्यालाच आपण चव्हाट्यावर उभे केले, तर पुढचा रुग्ण तोंड मिटून बसेल आणि रोग अंधारात फोफावेल.

२०२० साली करोनाच्या दिवसांत आपल्याकडेही पहिल्या रुग्णाच्या घराकडे बोटे दाखवली गेली. खोटी साक्ष केवळ न्यायालयातच दिली जाते असे नव्हे. ती ओट्यावरच्या गप्पांतही दिली जाते. विज्ञानाने ‘कोठून’ हे जरूर शोधावे. ‘कोणामुळे’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी मात्र आपण क्षणभर थांबावे.