रिकार्टन जंक्शन : संयोग आणि त्याचा ध्वंस

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळील निर्जन डोंगरमाळावर १८६२ मध्ये दोन लोहमार्ग एकत्र आले, एडिंबराहून हॉइकमार्गे कार्लाइलला जाणारा वेव्हर्ली मार्ग आणि हेक्सॅमकडे उतरणारा बॉर्डर काउंटीज मार्ग, आणि त्यांच्या सांध्यावर रिकार्टन जंक्शन वसले. तेथे पूर्वी गाव नव्हते आणि शंभर वर्षे रस्ताही नव्हता. शंभराहून अधिक रेल्वे कामगार-कुटुंबीय, त्यांची शाळा, इंजिनशेड, थेट फलाटावरच थाटलेले सहकारी दुकान, हे सारे त्या सांध्याच्या आधाराने जगत होते. १९५६ मध्ये बॉर्डर काउंटीज मार्गावरची प्रवासी वाहतूक थांबली आणि जानेवारी १९६९ मध्ये वेव्हर्ली मार्गही बंद झाला. मग नेमके नष्ट काय झाले?

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन रथाचे उदाहरण देतो : चाके, आस, जू यांच्यापलीकडे रथ म्हणून वेगळी वस्तू सापडत नाही, ‘रथ’ हा केवळ व्यवहारातला शब्द. या न्यायाने रूळ उखडले, इमारती पाडल्या, की हिशेब संपला. वैशेषिक दर्शनाच्या विचारवंतांना मात्र हे मान्य होणार नाही. त्यांच्या मते संयोग, म्हणजे पूर्वी वेगळ्या असलेल्या दोन द्रव्यांचे एकत्र येणे, हा खराखुरा गुण आहे, तो दोन्ही द्रव्यांत मिळून राहतो आणि विभागाने नष्ट होतो. जंक्शन हे एका मार्गाचे नसतेच. म्हणून १९५६ नंतर गाड्या थांबत राहिल्या आणि नाव तेच राहिले, तरी ज्यामुळे ते नाव मिळाले तो संयोग सरत चालला होता.

याहून मोलाचे आहे ते वैशेषिकांचे अभावाचे विवेचन. वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा अभाव तो प्रागभाव, तिच्या नाशानंतरचा तो प्रध्वंसाभाव. पहिल्याला आरंभ नाही पण अंत आहे, दुसऱ्याला आरंभ आहे पण अंत नाही. १८६१ चा रिकार्टनचा माळ आणि आजचा माळ, दोन्हींवर जंक्शन नाही, परंतु ‘येथे जंक्शन नाही’ हे वाक्य दोन्ही वेळी सारखे खरे असूनही त्याचा अर्थ एक नाही. आजचा अभाव विशिष्ट आहे, त्याला जागा आहे आणि तारीखही आहे. मार्ग बंद करताना जो ताळेबंद मांडला गेला, त्यात या अभावाला रकाना नव्हता, आणि हा दोष केवळ हिशेबाचा नाही, तो विचाराचा आहे.

वेव्हर्ली मार्गाच्या शेवटच्या रात्री रिकार्टनच्या दक्षिणेकडील न्यूकॅसलटन गावात लोकांनी फाटक लावून लंडनकडे जाणारी गाडी अडवली. गावचे धर्मोपदेशक ब्रायडन मेबन यांना पोलिसांनी ताब्यात घेतले आणि गाडीतच असलेले खासदार डेव्हिड स्टील यांनी मध्यस्थी केल्यावर वाट मोकळी झाली. मेबन यांची कृती व्यवहारात निष्फळ ठरली, तरी संबंध तुटणे ही प्रत्यक्ष हानी आहे, हे त्या रात्री त्यांनीच सर्वांत स्पष्टपणे मांडले. पुढे काही रेल्वेप्रेमींनी रिकार्टनचा फलाट साफ करून थोडे रूळ घातले. पण वैशेषिकांच्या मते नष्ट झालेला संयोग परतत नाही, होतो तो नवाच. २०१५ मध्ये एडिंबरा ते ट्वीडबँक एवढाच वेव्हर्ली मार्ग पुन्हा सुरू झाला. हॉइक त्याच्या दक्षिणेला आहे आणि रिकार्टन हॉइकच्याही दक्षिणेला.