सदरा दिला, घोडा नाही

जेनोआचा जॉर्जो इंतेरियानो सर्केशियन लोकांमध्ये राहून आला आणि १५०२ मध्ये त्याची छोटीशी पुस्तिका व्हेनिसला छापून निघाली. कॉकेशसच्या वायव्येकडच्या या मुलखात त्याला सरदार दिसले, त्यांचे ताबेदार दिसले, गुलामही दिसले. त्यात युरोपच्या माणसाला नवल नव्हतं. नवल वेगळंच होतं. सरदाराच्या अंगावरचा किरमिजी रेशमाचा नवा सदरा ताबेदाराने मागितला, की तो तिथल्या तिथे उतरवून द्यायचा. नाही म्हणणं म्हणजे बेअब्रू. परिणामी ताबेदार झोकात आणि धनी जुनेरात! घोडा आणि हत्यारं मात्र या रिवाजातून वगळलेली.

सर्केशियन सत्तेचं मर्म मला या सदऱ्यात दिसतं. उतरंड कडक होती. वर प्शी, म्हणजे राजे. त्यांच्याखाली उओर्क, म्हणजे सरदार. मग मोकळे शेतकरी, वेठीची कुळं आणि गुलाम. प्शी व्हायचं तर जन्मच त्या घरात हवा. पूर्वेकडच्या कबार्दाचे राजे आपली वंशावळ मूळपुरुष इनालपर्यंत नेत. त्याच्याविषयी कथा भरपूर, कागद थोडे. पण राजाकडे ना राजधानी, ना कारकून. जन्माने मान मिळायचा, माणसं मिळत नसत. उओर्काला पदरी घेताना मात्र प्शी स्वतःहून घोडा, हत्यारं, गुरं द्यायचा. बिनसलं तर उओर्क ते परत करून दुसरा धनी गाठायचा. प्शीचा मुलगाही वाढायचा ताबेदार सरदाराच्या घरी, अतालिकाच्या, म्हणजे पालक-गुरूच्या, हाताखाली, आणि मोठा होऊनच बापाकडे परतायचा. त्यामुळे दोन घरांत दुधाचं नातं जुळे. सत्ता ही अशी सतत जोपासावी लागणारी गोष्ट होती.

या औदार्याचा भाबडा गौरव करू नये. द्यायला आधी हवं, आणि व्यापार सरदाराला कमीपणाचा. मग उरली लूट. तिच्यात गुरं येत तशी माणसंही येत आणि काळ्या समुद्राच्या बंदरांत विकली जात.

अशाच विकल्या गेलेल्या मुलांनी इजिप्तमध्ये राज्य केलं. १३८२ मध्ये बरकूक सुलतान झाला आणि १५१७ पर्यंत कैरोच्या तख्तावर बहुतेक सर्केशियन ममलुक, म्हणजे गुलाम म्हणून आणलेले सैनिकच, बसले. इथे वंशाचा विचार जवळजवळ उलटा झाला. ममलुक अमीर व्हायचं तर परमुलखातून गुलाम म्हणून यायला हवं. अमीराचा इथे जन्मलेला मुलगा सहसा त्या वर्तुळाबाहेर. सुलतानांनी आपले मुलगे गादीवर बसवून पाहिले, पण बलाढ्य अमीर त्यांना फार काळ टिकू देत नसत. या सर्केशियन सुलतानांपैकीच कानसुह अल-घौरीचं आरमार १५०८ मध्ये आपल्या चौलपर्यंत आलं आणि गुजरातच्या जहाजांसह पोर्तुगीजांशी लढून जिंकलं. सेनानी अमीर हुसेन मात्र कुर्द होता.

मायदेशी वेगळंच घडत होतं. कबार्दाच्या तेमर्युकने १५६१ मध्ये मुलगी रशियाच्या चौथ्या इव्हानला दिली. आता राजाला वजन द्यायला त्याच्या उओर्कांशिवाय दुसराही कुणी मिळाला. मॉस्कोला वाटाघाटीसाठी एक निश्चित धनी हवा असे. सर्केशियन रिवाजात तसा धनी क्वचितच सापडे. रशियाचं वागणंही सरळ नव्हतं. १७६३ मध्ये मोझदोकची रशियन वसाहत झाली, तेव्हा कबार्दातून पळालेल्या कुळांना बाप्तिस्मा घेतल्यास तिथे आसरा मिळू लागला आणि राजे संतापले. पुढे त्याच साम्राज्याने पश्चिमेकडे सरदारांची बाजू घेतली.

पश्चिमेच्या शाप्सुग जमातीतल्या शेतकऱ्यांनी शेरेतलुक या सरदार घराण्याला हुसकावलं. ते ब्झेदुग या शेजारच्या सर्केशियन जमातीच्या राजांच्या आश्रयाला गेले आणि रशियाची सम्राज्ञी कॅथरिन हिच्याकडे मदत मागितली गेली. १७९६ मध्ये ब्झियुकच्या लढाईत ब्झेदुगांच्या बाजूने कोसॅक आणि तोफ उतरली. शेतकरी हरले, फार मोठ्या संख्येने मेले. ब्झेदुगांचा राजा बातचेरीही पडला. जिंकूनही सरदारांची जुनी सत्ता शाप्सुगांत परतली नाही. ताबेदाराने धनी सोडावा हे रिवाजात बसत होतं. धन्याने ताबेदारांवर परक्यांची तोफ आणावी, हे बसत नव्हतं. पुढे शाप्सुग, अबाद्झेख आणि नातुखाय या पश्चिमेच्या जमातींत निवाडे, लढाई-तहाचे निर्णय सभांमध्ये होऊ लागले. सरदारांची पदवी राहिली, बैठकीतली मानाची जागाही राहिली. आणि ज्यांनी त्यांचा अधिकार काढून घेतला, त्या शेतकऱ्यांनी पाहुण्याची सरबराई, वडीलधाऱ्यांपुढची अदब, दिल्या शब्दाची चाड ही सरदारी रीत स्वतःची म्हणून चालवली.