दस्तरखानाचे दार



हलाल-हरामविषयी विचारले जाणारे प्रश्न काळाबरोबर बदलतात. आजोबांच्या पिढीला डबाबंद पदार्थ ठाऊक नव्हते, म्हणून त्यांविषयीचा प्रश्नही ठाऊक नव्हता. आज चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, वडसा येथील घरांतून आखाती देशांत आणि मोठ्या शहरांत नोकरीस गेलेले तरुण एक निराळाच प्रश्न विचारतात. तेथे जपानी पद्धतीने गोमांस भाजून देणारी अशी काही भोजनगृहे आहेत की ज्यांत अवघी आठ-दहा आसने असतात. आगाऊ नोंदणी केल्याशिवाय दारातून आत पाऊल टाकता येत नाही. मांस हलाल प्रमाणित असेल, तर तेथे जेवण्यास हरकत आहे का?

प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर एका शब्दात देणे सोपेही आहे. परंतु त्या एका शब्दाने प्रश्नाचा अर्धाच भाग सुटतो. उरलेला अर्धा भाग त्या तरुणापुरता नाही. तो तुमच्या-आमच्या दस्तरखानापर्यंत येऊन पोहोचतो. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करू.

प्रथम या भोजनाचे स्वरूप पाहू. भाजलेल्या मांसाला जपानी भाषेत ‘याकिनिकु’ म्हणतात. ग्राहक लाकडी ओट्यासमोर एका रांगेत बसतात. पलीकडे उभा असलेला आचारी निखाऱ्यावर मांसाचे काप एकेक करून भाजतो आणि लगेच समोर ठेवतो. हे मांस बहुधा ‘वाग्यू’ असते. या शब्दाचा सरळ अर्थ ‘जपानी गुरे’ एवढाच. या गुरांच्या मांसात चरबीची बारीक जाळी असते आणि तीवरून त्याची प्रत ठरते. ‘ए-५’ ही त्यातील सर्वोच्च प्रत. ‘कोबे’ हे प्रसिद्ध नाव तर केवळ ह्योगो प्रांतात वाढलेल्या ताजिमा वंशाच्या जनावरांच्या मांसालाच लावता येते. गंमत अशी की याच जपानमध्ये इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मू यांनी गाय-बैलांसह काही प्राण्यांचे मांस खाण्यास मनाई केली होती. पुढे शतकानुशतके तेथील बैल, आपल्या गडचिरोलीतील धानाच्या बांधीत राबणाऱ्या बैलांप्रमाणे, शेतात राबत राहिला. १८७२ साली सम्राट मेइजी यांनी स्वतः गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि तेच मांस प्रतिष्ठेचे ठरू लागले. पदार्थ तोच राहिला. माणसांनी त्याला दिलेला मान तेवढा बदलला.

आता शरीअतच्या दृष्टीने पहिला भाग. आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न उद्भवत नाही. १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यात २०१५ साली अमलात आलेल्या दुरुस्तीने गायीबरोबरच वळू आणि बैल यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. देशाचा कायदा पाळणे आणि शेजाऱ्याचे मन जपणे हे दोन्ही आपल्यावर आहे. परदेशात जेथे ते कायदेशीर आहे, तेथे जबीहा शरीअतनुसार झाल्याची विश्वसनीय खात्री हवी. एवढ्यावर मात्र थांबू नये. जपानी पाककृतींत मांस मुरवण्याच्या रसात ‘साके’ म्हणजे तांदळाचे मद्य आणि ‘मिरिन’ नावाचे गोड पाकमद्य सर्रास वापरले जाते. मांस हलाल आणि रस मद्ययुक्त, असे होऊ शकते. त्याच जाळीवर, त्याच सुरीने डुकराचे मांस हाताळले जाते का, हेही विचारावे. विचारण्यात संकोच नसावा. या सर्व बाबतींत समाधान झाले, तर ते अन्न हलाल आहे.

येथे काही धर्मनिष्ठ मंडळी घाईने म्हणतील की इतके महाग अन्न म्हणजे उधळपट्टी, म्हणून ते वर्ज्यच. असे सरसकट म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. सूरह अल-आराफमध्ये खाण्यापिण्यात मर्यादा न ओलांडण्याची आज्ञा आहे (७:३१). परंतु लगेच पुढच्या आयतीत, अल्लाहने आपल्या दासांसाठी निर्माण केलेल्या शोभेच्या व उत्तम वस्तू कोणी निषिद्ध केल्या, असा खडा सवालही आहे (७:३२). सूरह अन-नूरमध्ये एकत्र जेवावे किंवा वेगवेगळे जेवावे, दोहोंत दोष नाही, असे सांगितले आहे (२४:६१). ज्याची कमाई शुद्ध आहे, जकात दिलेली आहे, आई-वडिलांचा व कुटुंबाचा हक्क पोहोचता झाला आहे, त्याने एखाद्या दिवशी उत्तम अन्न खाल्ले, तर ते आपोआप पाप ठरत नाही.

आगाऊ नोंदणी ही गोष्टही मुळात वाईट नाही. आपल्या ताडोबाच्या जंगलात जायचे तर आधी नोंदणी करावी लागते आणि गाड्यांची संख्या ठरलेली असते. ती मर्यादा माणसाला कमी लेखण्यासाठी घातलेली नाही. जंगलाला आणि वाघाला निवांतपणा मिळावा म्हणून घातलेली आहे. त्याचप्रमाणे एक आचारी एका वेळी आठ जणांनाच नीट भाजून वाढू शकत असेल, तर आठच आसने ठेवणे ही कामाची गरज झाली. जागेची, कष्टाची किंवा ऐपतीची मर्यादा वेगळी आणि माणसाच्या दर्जाची मर्यादा वेगळी. हा भेद लक्षात ठेवला तर पुढचा विचार सुकर होईल.

जपानच्या क्योटो शहरात काही जुन्या घरंदाज भोजनगृहांची प्रथा अशी की ओळखीच्या ग्राहकाने आणल्याशिवाय नवख्याला प्रवेश नाही. तेथे पैसा असूनही भागत नाही. कोणीतरी आपल्याला ओळखावे लागते. या प्रथेमागे तेथील लोकांची काही कारणे असतील. परंतु जगभरच्या महागड्या भोजनगृहांतील आकर्षणाचे मर्म तिच्यात उघडे दिसते. तेथे घास विकला जातोच, आणि ‘इतरांना जे मिळाले नाही ते मला मिळाले’ ही भावनाही विकली जाते. म्हणून त्या तरुणाने स्वतःच्या अंतःकरणाला एक प्रश्न विचारावा. उद्या हेच मांस, हाच आचारी आणि हीच चव चौकातील खानावळीत कोणालाही मिळू लागली, तर माझी इच्छा तेवढीच राहील का? राहत असेल, तर ती चवीची इच्छा आहे आणि हलाल चवीला बंदी नाही. ओसरत असेल, तर आपण मांस खायला निघालो नव्हतो, इतरांचे बाहेर राहणे चाखायला निघालो होतो. याचा निवाडा कोणताही मुफ्ती करू शकत नाही. हा ज्याचा त्याने करायचा आहे आणि तो अल्लाहला आधीच ठाऊक आहे.

भाजलेल्या गोमांसाचे एक ताट पवित्र कुरआनात आले आहे. हजरत इब्राहीम (अ.) यांच्याकडे काही अनोळखी पाहुणे आले. सलामाची देवघेव झाली. सूरह हूदमध्ये (११:६९) सांगितले आहे की त्यांनी विलंब न लावता भाजलेले वासरू आणले. सूरह अज-जारियातमध्ये (५१:२६) ते वासरू पुष्ट होते, असाही उल्लेख आहे. हे पाहुणे अनोळखी आहेत, हे इब्राहीम (अ.) यांना जाणवलेही होते. तरी त्यांनी ओळख विचारून मग चूल पेटवली नाही. ते हळूच घरात गेले, घरातले जे उत्तम होते ते आणले आणि पाहुण्यांच्या पुढ्यात ठेवले. पाहुणे फरिश्ते होते. त्यांनी त्या मांसाला हातही लावला नाही. ते अन्न खाल्ले गेले नाही, पण ते समोर ठेवण्याची रीत मात्र आखिरतपर्यंत आदर्श म्हणून राहिली. विचार करा, त्या काळातही पुष्ट वासरू स्वस्त नसणार. उत्तम मांसाशी आपल्या पूर्वज प्रेषितांचे वैर नव्हते. ते उत्तम मांस प्रथम कोणाच्या पुढे ठेवायचे, याची त्यांची रीत वेगळी होती.

दुसरा प्रसंग मक्केतील आहे. कुरैशचे प्रतिष्ठित लोक प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या बैठकीत येण्यास तयार होते, पण त्यांची एक अट होती. गरीब आणि गुलामीतून आलेले सोबती तेव्हा तेथे नसावेत. भाष्यकारांनी या संदर्भात हजरत बिलाल (रजि.), हजरत अम्मार (रजि.), हजरत खब्बाब (रजि.) यांची नावे घेतली आहेत. आजच्या भाषेत सांगायचे तर त्या सरदारांना राखीव बैठक हवी होती. त्यातून मोठे लोक इस्लामच्या जवळ आले असते, असा व्यवहारी हिशेबही मांडता आला असता. परंतु सकाळ-संध्याकाळ आपल्या पालनकर्त्याला हाक मारणाऱ्यांना दूर लोटू नये, अशी आज्ञा सूरह अल-अनआममध्ये (६:५२) अवतरली. ती राखीव बैठक कधीच भरली नाही.

वाचकहो, आता परदेशातील तो ओटा सोडून आपल्या गावातील मंडपात या. आठ आसनांच्या त्या भोजनगृहात आपल्यापैकी फारच थोडे जातील. पण आपल्या वलीम्यांत गेल्या काही वर्षांत काय शिरले आहे? एकाच मंडपात दोन व्यवस्था. एका बाजूला कनाती लावलेली, पंखे व कूलर असलेली ‘व्हीआयपी’ जागा. तेथे वेगळे कबाब, वेगळी बिर्याणी आणि दाराशी ओळख पाहून आत सोडणारा माणूस. दुसऱ्या बाजूला उन्हात लागलेली रांग. काही ठिकाणी याहून पुढची पायरी गाठली जाते. मोहल्ल्यातील गरीब घरांना निमंत्रणच जात नाही. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून सहीह बुखारी व सहीह मुस्लिममध्ये आलेला आशय आपण सर्वांनी ऐकला आहे. ज्या वलीम्याला श्रीमंतांना बोलावले जाते आणि गरिबांना सोडले जाते, त्याचे अन्न सर्वांत वाईट. येथे लक्षात घ्या, ते अन्न हरामच्या मांसाचे आहे असे म्हटलेले नाही. मांस हलाल, जबीहा योग्य, पैसा कष्टाचा. तरीही ते अन्न सर्वांत वाईट. कशामुळे? केवळ दाराबाहेर कोण राहिले यामुळे.

येथे एक न्याय्य शंका निघेल. मर्यादित ऐपतीच्या बापाने सर्व गाव कसे जेवू घालावे? त्याने तसे करूही नये. कर्ज काढून तर मुळीच नाही. हजरत सफिय्या (रजि.) यांच्याशी झालेल्या विवाहाच्या वलीम्यात मांस आणि रोटी दोन्ही नव्हते, खजूर, पनीर आणि तूप एवढेच होते, असे सहीह बुखारीत आहे. अन्न साधे झाले तर दार रुंद करता येते. पन्नास माणसांची ऐपत असेल तर पन्नासच बोलवा, पण त्या पन्नासांत दोन-चार अशी घरे असू द्या की ज्यांच्याकडून परतीच्या आहेराची अपेक्षा नाही. यादी लहान असण्यात दोष नाही. दोष यादी कोणत्या मापाने केली, यात असतो.

आणि जो निखाऱ्यापुढे उभा आहे, त्याचे काय? सेवक अन्न तयार करून आणतो तेव्हा त्याला आपल्यासोबत बसवावे, ते न जमल्यास त्यातले एक-दोन घास तरी त्याला द्यावेत, कारण त्याची उष्णता त्याने सोसली आहे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण बुखारी व मुस्लिम दोन्हींत आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत मंडपामागे भट्टीपाशी उभा असलेला आचारी, ताटे धुणाऱ्या बाया, वाढणारी खेड्यांतली मुले ही सर्व ती उष्णता सोसतात. ती कधी जेवतात? बहुधा सर्वांत शेवटी, उरले तर. यजमानाने कबाबची पहिली परात निघताच त्यांच्यासाठी वाटा बाजूला काढला, तर ती एक जिवंत सुन्नत होईल आणि तिला एक पैसाही जास्त लागणार नाही.

आपल्या जिल्ह्यांतील शेजाऱ्यांकडेही पाहा. भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया गोंड गावांत आंब्याचे किंवा धानाचे नवे पीक आले तरी गावाचा ‘पंडुम’ होईपर्यंत ते कोणी खात नाही, अशी परंपरा आहे. त्यातील पूजाविधी आपल्या श्रद्धेचा भाग नाही आणि तो आपण करणार नाही. परंतु अन्नाचा पहिला घास एकट्याचा नसावा, हे सौजन्य ओळखू येण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. दोघांचे अन्न तिघांना पुरते, ही शिकवण ज्या उम्मतला मिळाली आहे, तिने या बाबतीत कोणाच्याही मागे राहू नये.

तेव्हा त्या तरुणाला माझे उत्तर असे. जबीहा, रस आणि भांडी यांविषयी खात्री झाली, कमाई शुद्ध असली आणि मनातील तो प्रश्न तू प्रामाणिकपणे सोडवला असलास, तर जा, बिस्मिल्लाह म्हणून जेव आणि अल्लाहचे आभार मान. छायाचित्र मात्र अशा कोणाला पाठवू नकोस की ज्याच्या घरी त्या दिवशी केवळ आंबील आहे. आणि त्या महिन्यात एक दस्तरखान असेही अंथर की ज्याला नोंदणी लागत नाही. तुझ्या खोलीत राहणारा, तुझ्यापेक्षा कमी पगाराचा एखादा कामगार तेथे तुझ्या शेजारी बसेल, आणि वाढताना उत्तम तुकडा त्याच्या ताटात जाईल.

घरातील वडीलधाऱ्यांना विनंती अशी की पुढच्या निकाहाची यादी करताना कागदावर पहिले नाव गावातील सर्वांत गरीब घराचे लिहावे. कनात लावायचीच असेल, तर ती उन्हापासून सावलीसाठी असावी. माणसापासून माणसाला वेगळे करण्यासाठी नसावी.

अल्लाह आपल्या अन्नात बरकत देवो, आपली कमाई शुद्ध ठेवो आणि आपल्या दस्तरखानाचे दार त्याच्या दासांसाठी उघडे ठेवण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना देवो. आमीन.