शेंग बघून मोडावी

आमच्या कोल्हापूर-सांगलीकडच्या दिगंबर जैन घरांत घेवडा मूठभर एकत्र धरून विळीवर चिरत नाहीत. एकेक शेंग हातात घ्यायची, देठ मोडून त्याबरोबर शीर ओढायची, टोकाकडून दुसरी शीर काढायची, मग अंगठ्याच्या नखानं शिवण उकलून दोन्ही फाका उजेडाकडं धरून बघायच्या. सालीवर टाचणीनं टोचल्यासारखं काळं भोक, दबलेली तपकिरी जागा, दाण्यापाशी ओलसर भुगा, यांतलं काही दिसलं की आत अळी असू शकते. ती पुष्कळदा शेंगेच्याच रंगाची असते, हलली तरच कळते. अशी शेंग अळीसकट परसात सावलीला ठेवायची. पाव किलो घेवड्याला सहज अर्धा तास जातो. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई शेजारी बसून सांगायच्या, "गडबड करू नगंस. शेंग बघून मोड."

पण शेंगही जीवच आहे. आमचं शास्त्र वनस्पतीला एकेंद्रिय म्हणतं, तिला स्पर्श कळतो. कृमीला स्पर्श आणि रस अशी दोन इंद्रियं. म्हणजे एका इंद्रियाचाच काय तो फरक. दोन इंद्रियांचा जीव अलगद सावलीत ठेवायचा आणि एका इंद्रियाचा फोडणीत टाकायचा, याला अहिंसा म्हणायचं का? हा प्रश्न मला बाहेरच्यांनी विचारलाय, घरातल्या मुलांनीही विचारलाय, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही.

नेहमीचं उत्तर असं की, गृहस्थाला स्थावर, म्हणजे वनस्पतीसारख्या एकेंद्रिय, जीवांची हिंसा पूर्ण टाळता येत नाही. त्यानं त्रस, म्हणजे दोन किंवा अधिक इंद्रियांचे, जीव वाचवावेत आणि स्थावरांची हिंसा होईल तेवढी कमी करावी. म्हणून बटाटा नको, कारण त्या एका कंदात अनंत जीव. घेवडा चालतो. हे उत्तर खोटं नाही, पण नुसत्या हिशेबावर माझं मन भरत नाही. हिशेब जमला की माणूस निर्धास्त होतो, आणि निर्धास्त माणसाचं लक्ष उडतं.

मला वाट दिसते ती उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात. सातव्या अध्यायात हिंसा म्हणजे काय ते सांगताना ते प्राण जाण्याच्या आधी प्रमाद ठेवतात. बेसावधपणे, राग-लोभासारख्या कषायाच्या भरात कुणाचा प्राण घेणं ही हिंसा. अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात हेच आणखी उलगडलंय. सावधपणे वागणाऱ्याच्या हातून जीव गेला तरी त्याला तो दोष तसा लागत नाही, आणि बेसावध माणसाच्या हातून एकही जीव मेला नाही तरी त्याची हिंसा झालेलीच असते.

यातला पहिला अर्धा भाग लोकांना फार आवडतो, कारण त्यात सुटका दिसते. मला दुसरा महत्त्वाचा वाटतो. टीव्ही बघत बघत चिरलेल्या घेवड्यात एकही अळी निघाली नाही, तरी मी हिंसा केलीच. आणि शेंग उकलते तेव्हा फक्त अळी आहे की नाही एवढंच दिसत नाही. कोवळे दाणे दिसतात, एक या फाकेला, पुढचा त्या फाकेला, प्रत्येक दाणा इवल्याशा देठानं शिवणीला धरलेला. हे पिकून वाळले असते तर पेरणीचं बी होतं. मी काय तोडतेय ते मला दर शेंगेगणिक बघावं लागतं. असं शोधून, म्हणजे बघून-निवडून, घेण्यानं मी निर्दोष होत नाही. माझ्या जेवणासाठी काय गेलं ते मला माहीत असतं, इतकंच. माझ्या मते या रीतीचा खरा गाभा तो आहे, सोवळेपणा नव्हे.

गावात मुनिमहाराजांचा चातुर्मास असला की या लक्षाची कसोटी लागते. महाराज दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत आहार घेतात. घासात केस निघाला, मेलेला जीव निघाला, की अंतराय. ओंजळ सुटते, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही नाही. त्यामुळं दुहेरी कापडातून गाळलेल्या पाण्यात शिजवलेली भाजी वाढतानाही चिमूट चिमूट आपल्या तळहातावर पसरून पुन्हा बघायची, मगच ओंजळीत द्यायची. कुणी महाराजांनी मीठ सोडलेलं असतं, कुणी तेल-तूप. मग घेवडा नुसता वाफवून त्यात जिरं आणि सुकं खोबरं. तसा खाऊन बघा. कोवळ्या शेंगेला स्वतःची गोडी असते आणि शिवणीपाशी किंचित तुरटपणा असतो, एरवी तो मसाल्याखाली कळतच नाही. सोबत ताक मात्र नाही. घेवड्यासारखं द्विदल आणि ताकासारखं कच्चं गोरस एकत्र करायचं नाही.

इथं आणखी एक अवघड नियम आहे. महाराजांसाठी म्हणून केलेला आहार महाराजांना चालत नाही, तो उद्दिष्ट होतो. घरानं स्वतःसाठी रांधलेल्यातलाच वाटा द्यायचा. बेळगाव जिल्ह्यातल्या भोजच्या आचार्य शांतिसागर महाराजांनी (१८७२–१९५५) याच कारणानं आधी ठरवून दिलेल्या घरी आहाराला जायची त्या वेळची रीत नाकारली. आज महाराजांच्या आहारासाठी चौका लागतो तेव्हा सहा-सहा भाज्या, फळं, सुका मेवा मांडलेला बघून मला वाईट वाटतं. भक्ती खरी असते, पण ते घरचं रोजचं जेवण नसतं. सासूबाईंच्या चौक्यात भाकरी, आमटी, भात आणि एक भाजी असायची. महाराज आमच्या दारी थांबले नाहीत तर तेच आम्ही जेवायचो, आणि त्यात काही उणं वाटायचं नाही, कारण रोजही तसंच शोधून रांधलेलं असायचं. उद्दिष्टाचा दोष टाळायला मला याहून दुसरा प्रामाणिक मार्ग सुचलेला नाही. पाहुण्यापुरतं सावध होता येत नाही.

पुण्याहून सून येते तेव्हा चिरलेल्या घेवड्याची पाकिटं आणते. दिवसभर नोकरी करून आलेल्या मुलीला अर्धा तास कुठला, हे मला कळतं, आणि मी तिच्यावर रागावत नाही. पण ते पाकीट मी शिजवत नाही. भाजी अशुद्ध आहे म्हणून नव्हे. ती कुणी बघितलेली नाही, आणि बारीक तुकडे झाल्यावर आता बघताही येत नाही. तिला म्हणते, रोज नको करूस, आठवड्यातून एकदाच कर. पाव किलोऐवजी छटाक आण. पण शेंग अख्खी आण.