शार्लीसची निष्ठा कुणाशी?

न्यूझीलंडमध्ये कॉलेज म्हणजे बऱ्याचदा हायस्कूलच. त्यामुळे ‘कॉलेज बास्केटबॉल’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर शाळकरी मुली आल्या असतील. ही गोष्ट मात्र अमेरिकन विद्यापीठांची आहे. मुलगी आपल्या हॅमिल्टनची, शार्लीस लेजर-वॉकर. मार्च २०२३ मध्ये लास वेगासला पॅक-१२ स्पर्धेत सातवं मानांकन असलेल्या वॉशिंग्टन स्टेटनं यूसीएलएला ६५-६१ असं हरवून विजेतेपद मिळवलं. सर्वोत्तम खेळाडू शार्लीस.

२०२४ मध्ये ती त्याच यूसीएलएत गेली.

लगेच ‘बेइमान’ म्हणू नका. बारापैकी दहा विद्यापीठं तेव्हा पॅक-१२ सोडून जास्त पैशांच्या गटांत चालली होती, यूसीएलएसुद्धा. वॉशिंग्टन स्टेट मागे राहिलं. विद्यापीठ गेलं की आपण त्याला धोरण म्हणतो, मग खेळाडू गेली की नीतिमत्ता का आठवते? ‘शिकलात इथे, कमावता तिथे’ हा टोमणा तुम्हीही सुट्टीत घरी गेल्यावर ऐकला असेलच.

संस्थेची ती उतराई झाली, असं मला वाटतं. करंडक दिला, आणखी काय द्यायचं? पण ज्या मुली तिच्यासोबत धावल्या आणि तिथेच राहिल्या, त्यांचं काय? त्यांच्यापुढे माझा युक्तिवाद लंगडा पडतो.

त्यात जानेवारी २०२४ मध्ये तिचा गुडघा दुखावला होता. २०२४-२५ चा अख्खा हंगाम ती खेळली नाही, तरी यूसीएलएनं तिला संघात ठेवलं. आता ती कुणाची ऋणी, सांगा.