स्मशानातला डाव

सांगलीत जन्मलेल्या दोन लेखकांनी, चार-पाच दशकांच्या अंतरानं, एकाच कथेला हात घातला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'संगीत विद्याहरण' १९१३ साली रंगभूमीवर आलं, वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ ची. दोन्हींच्या मुळाशी आदिपर्वातले शुक्राचार्य, त्यांची मुलगी देवयानी आणि बृहस्पतीचा मुलगा कच. खाडिलकरांना त्यात मद्यपान दिसलं, खांडेकरांना भोग. मला अलीकडे त्याच कथेत पत्त्यांचा एक डाव दिसतो. थोरामोठ्यांचा विषय पत्ते कुटण्यावर आणून ठेवला असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

डाव 'मॅजिक: द गॅदरिंग'चा. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञानं तो रचला आणि १९९३ मध्ये तो बाजारात आला. इथं दोघांत एक कॅट नसतो. प्रत्येकजण हजारो पानांतून निवडून आपला साठ पानांचा डेक बांधून आणतो. दोघांचंही आयुष्य वीस गुणांचं. जमिनीच्या पानांतून 'मॅना' नावाची शक्ती मिळते, ती खर्चून प्राणी उतरवायचे, मंत्र टाकायचे. मेलेला प्राणी आणि वापरलेला मंत्र आपापल्या मालकाच्या 'ग्रेव्हयार्ड'मध्ये जातो.

पानं मरतात हे आपल्याला नवं नाही. मेंढीकोटात हात उचलून पालथा ठेवला की त्यातलं पान त्या डावापुरतं संपलं. चांगला खेळणारा म्हणजे गेलेलं ध्यानात ठेवणारा: हुकमाचा एक्का उतरला का, कुठली मेंढी कुणी नेली. रमीत टाकलेलं पान उचलता येतं, पण वरचं एकच. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांची १२० गोल पानं असतात; पुन्हा पुन्हा जन्म घेणाऱ्या देवाची ही पानं, पण खेळून झालेलं पान तिथंही परत येत नाही. आपल्या डावांत मेलेल्यांचा उपयोग आठवणीपुरता. मॅजिकमध्ये मात्र ग्रेव्हयार्ड सुलटं, उघडं पडलेलं असतं, दोघांनाही केव्हाही चाळता येतं, आणि पहिल्याच संचापासून मेलेल्यांना उठवणारी पानं या खेळात आहेत. तेव्हा कुणीतरी त्या ढिगाऱ्यालाच तिजोरी मानणार, हे ठरलेलंच होतं.

अशा डेकची दोन मोठी घराणी. पहिलं 'रिअ‍ॅनिमेटर'. अजस्र प्राणी उतरवायला आठ-आठ मॅना लागतात. रीतीनं साठवत बसलं तर आठवी पाळी उजाडते आणि तोवर समोरचा जगू देत नाही. म्हणून उलटी वाट धरायची: त्याला आधी मारायचं, मग उठवायचं. पहिलीच पाळी बघा. टेबलावर एक दलदलीची जमीन. तिच्या एका काळ्या मॅनावर 'डार्क रिच्युअल', एकाचे तीन झाले. त्यातल्या एकावर 'एन्टूम': गठ्ठ्यातून हवं ते पान शोधून थेट ग्रेव्हयार्डात टाकायचं. ग्रिसेलब्रँड नावाचा सात-सात ताकदीचा दैत्य तिकडे रवाना. दुसऱ्यावर 'रिअ‍ॅनिमेट', आणि दैत्य उठून उभा. समोरच्यानं कदाचित अजून एक पानही टाकलेलं नसतं.

इथवर हा निव्वळ दरोडा वाटतो. पण 'रिअ‍ॅनिमेट'च्या पानावर एक अट छापलेली आहे: उठवलेल्याची मूळ किंमत जेवढी, तेवढं आयुष्य तुमचं कमी. ग्रिसेलब्रँडची किंमत आठ. विसाचे राहिले बारा. हा दैत्य आणखी एक सौदा पुढे करतो, सात आयुष्य द्या आणि सात पानं ओढा. केला, तर बाराचे पाच. आता टेबलावर डोंगराएवढा राक्षस आहे आणि त्याचा मालक पाच गुणांवर जीव धरून बसलाय. मला हे पान आवडतं ते त्या अटीमुळे.

या घराण्याच्या सगळ्या उपशाखा एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत: उठवण्याची किंमत कोण मोजतं? १९९८ च्या 'एक्झ्यूम'मध्ये तुम्ही एक उठवलात तर समोरच्यालाही त्याचा एक उठवू द्यावा लागतो. १९९३ च्या 'अ‍ॅनिमेट डेड'मध्ये प्राणी जगतो तो त्या मंत्राच्या आधारावर. मंत्र मोडला की पुन्हा गेला. हे पान पाहिलं की मला साताऱ्याच्या ताराबाई आठवतात. थोरल्या शाहूंना वारस नव्हता. ताराबाईंनी पुढे आणला रामराजा: माझा नातू, जिवाच्या भीतीनं लपवून वाढवलेला. शाहू १७४९ च्या डिसेंबरात वारले आणि रामराजा गादीवर बसला. तो मुठीत राहत नाही असं दिसताच १७५० संपायच्या आत बाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं आणि हा माझा नातूच नव्हे म्हणून जाहीर केलं. ज्या शब्दावर तो उभा होता, तो शब्दच काढून घेतला. फरक एवढाच की साताऱ्यात मंत्र मोडूनही माणूस गेला नाही. १७७७ पर्यंत तो नावाचा छत्रपती राहिला.

आता कच. देवासुरांच्या युद्धात मेलेले असुर शुक्राचार्य संजीवनीनं उठवत. देवांच्या गुरूकडे ती विद्या नव्हती. कच ती शिकायला शत्रूच्या आश्रमात राहिला. असुरांनी त्याला गुरं राखताना मारलं आणि तुकडे लांडग्यांना घातले. देवयानीनं हट्ट धरला, शुक्राचार्यांनी हाक मारली, कच लांडग्यांची पोटं फाडून बाहेर आला. पुन्हा मारलं, वाटून समुद्रात मिसळलं, पुन्हा आला. तिसऱ्या खेपेला त्यांनी त्याला जाळलं आणि राख मद्यातून शुक्राचार्यांनाच पाजली. याला डोकं लागतं. पहिल्या दोन खेपांना ते प्रेत लपवत होते, तिसऱ्या खेपेला त्यांनी प्रेताची जागा बदललीच, पण खरं म्हणजे किंमत बदलली: कचाला उठवायचं तर आता उठवणाऱ्याचं पोट फाटणार. 'रिअ‍ॅनिमेट'ची अट इतक्या टोकाला कुठल्याही पत्तेकाऱ्यानं नेलेली नाही.

शुक्राचार्यांची तोड त्याहून वरची. पोटातल्या कचाला त्यांनी विद्या शिकवली, त्याला बाहेर बोलावलं, स्वतः मेले. आणि बाहेर आलेल्या शिष्यानं गुरूला उठवलं. एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं पहिल्याला. मॅजिकमध्ये असा फेरा अक्षरशः आहे. २००२ सालचा 'वर्ल्डगॉर्जर ड्रॅगन' टेबलावर येताच मालकाची बाकी सगळी पानं गिळतो, त्यात त्याला उठवणारं 'अ‍ॅनिमेट डेड'ही जातं. मंत्र गेला म्हणून ड्रॅगन मरतो. ड्रॅगन मेला म्हणून गिळलेली पानं परत येतात. त्यातलं 'अ‍ॅनिमेट डेड' पुन्हा ड्रॅगनला उठवतं. दर फेऱ्याला जमिनी ताज्या होऊन परततात, हवा तेवढा मॅना निघतो. मात्र बाहेर पडायला ग्रेव्हयार्डात दुसरा एखादा प्राणी हवा. तो नसेल तर फेरा संपत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. शुक्राचार्य एका फेऱ्यात थांबले आणि ब्राह्मणानं दारू पिऊ नये असा दंडक घालून मोकळे झाले. खाडिलकरांचं नाटक नेमकं तिथून उगवतं.

दुसरं घराणं 'ड्रेज', २००५ च्या रावनिका संचातलं. नियम दिसायला साधा: पान ओढायच्या ऐवजी गठ्ठ्याची वरची ठरावीक पानं ग्रेव्हयार्डात सांडायची आणि तिथलं ड्रेजचं पान हातात परत घ्यायचं. याची सगळ्यात टोकाची आवृत्ती 'मॅनालेस', म्हणजे साठ पानांत एकही जमीन नाही. हा खेळाडू मुद्दाम दुसरी पाळी मागतो. पान ओढून हातात आठ झाली. खेळायला शक्ती नाही, म्हणून काहीच खेळायचं नाही. सातापेक्षा जास्त पानं ठेवता येत नाहीत, म्हणून पाळीअखेर एक टाकावंच लागतं. टाकलं 'गोलगारी ग्रेव्ह-ट्रोल'. पुढच्या पाळीला ओढायच्या ऐवजी सहा पानं सांडली, ट्रोल हातात परत, पुन्हा आठ, पुन्हा टाकला. सांडलेल्यांतून 'नार्कोमीबा' आपणहून टेबलावर येतात. असे तीन जीव जमले की त्यांचा बळी देऊन 'ड्रेड रिटर्न' ग्रेव्हयार्डातूनच खेळला जातो.

कारागिरी म्हणून हे अचाट आहे. आळस हेच हत्यार, नियमाची सक्ती हीच चाल. पण इथं किंमत मोजली जाते ती कधी हातातच न आलेल्या पानांत. खांडेकरांच्या नायकाची आठवण इथं होते. शुक्राचार्यांच्या शापानं म्हातारा झालेला ययाति आपलं म्हातारपण मुलांपुढे धरतो. पुरू ते घेतो आणि बापाला त्याचं तारुण्य मिळतं. शुक्राचार्य स्वतःचं पोट देतात, ययाति मुलाचं वय देतो. ड्रेजवाले म्हणतील, गठ्ठा संपला तर आम्हीही हरतो. हरता, खरं आहे. पण तोवर आयुष्याला बहुधा ओरखडाही नसतो.

खेळ चालवणाऱ्यांचीही दमछाक झाली. २०११ मध्ये 'मॉडर्न' हा प्रकार सुरू झाला तेव्हाच ग्रेव्ह-ट्रोलवर बंदी होती. जानेवारी २०१५ मध्ये ती उठली, जानेवारी २०१७ मध्ये पुन्हा आली. २०१९ च्या जूनमध्ये 'होगाक' हा नवा प्राणी निघाला, जो मॅना देऊन उतरवताच येत नाही. टेबलावरचे जीव जुंपून आणि ग्रेव्हयार्डातली पानं खर्चूनच तो येतो. जुलैत त्याचं साथीदार पान 'ब्रिज फ्रॉम बिलो' बंद केलं, भागलं नाही. ऑगस्टमध्ये होगाकच गेला, आणि त्याच्याबरोबर 'फेथलेस लूटिंग'.

बंदीखेरीज दुसरा इलाज म्हणजे 'एक्झाइल', ग्रेव्हयार्डाच्याही पलीकडची जागा, जिथून सहसा काही परत येत नाही. १९९४ चं 'टॉर्मॉड्स क्रिप्ट' फुकट उतरतं आणि एका फटक्यात समोरच्याचं ग्रेव्हयार्ड पुसून टाकतं. २०१२ चं 'रेस्ट इन पीस' टेबलावर असेतो मरणारं पान ग्रेव्हयार्डात पोचतच नाही. आपली रीत मुळात हीच. साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठी, लोक रक्षा सोडतात. तीच कृष्णा पुढे सांगलीच्या घाटांवरून जाते. राख पाण्यात गेली की मागे गोळा करण्यासारखं काही ठेवायचं नाही. अपवाद राजघराण्याचा: माहुलीला थोरल्या शाहूंची समाधी आहे, त्यांच्याशी गादीसाठी उभा दावा मांडलेल्या ताराबाईंचीही आहे, आणि शाहूंच्या लाडक्या कुत्र्याचीसुद्धा. ज्यांच्या नावावर हक्क सांगायचा असतो त्यांचीच पानं माणूस उघडी ठेवतो, असं मला तिथं वाटतं.

डेकपुरता माझा निकाल रिअ‍ॅनिमेटरच्या बाजूनं आहे. त्याच्याकडून हरल्यावर निदान दिसतं की समोरच्यानंही काही गमावलं. ड्रेजला मी तोडीचा शोध मानतो, तोडीचा खेळ मानत नाही. आणि नव्यानं बसणाऱ्यांनी एक करावं: राखीव पंधरा पानांत तीन-चार जागा ग्रेव्हयार्ड पुसणाऱ्या पानांना द्याव्यात आणि बंदीच्या यादीवर विसंबू नये. 'फेथलेस लूटिंग' डिसेंबर २०२४ मध्ये बंदीतून परत आलं आहे.