आपापल्या घरासमोरचा कोट

(वाचावयाचे शास्त्रभाग : नहेम्या, अध्याय २ ते ६; यिर्मया २९:४-७)



बायबलात काही अध्याय असे आहेत की, ते आले म्हणजे वाचणारा पाने उलटून पुढे जातो. नहेम्याचा तिसरा अध्याय त्यांपैकी एक होय. त्यात चमत्कार नाही, दृष्टांत नाही, स्तोत्र नाही. आहे ती केवळ नावांची यादी. अमक्याने अमुक वेस बांधली, त्याच्या शेजारी तमक्याने डागडुजी केली, त्याच्या पलीकडे आणखी एकाने. उपासनेत हा अध्याय वाचण्याचा प्रसंग आला तर उपदेशकाची जीभ अडखळते आणि मंडळी जांभया देते. तरी आज आम्ही तुमच्यापुढे हाच अध्याय ठेवतो; कारण गावाच्या कामास माणसे कशी उभी राहतात, हे पवित्र शास्त्रात इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच सांगितले असेल.

ही गोष्ट इ. स. पूर्वी ४४५ च्या सुमाराची. यरुशलेमेचा कोट पडलेला, वेशी जळालेल्या. लोक त्या पडझडीतच राहत होते आणि त्यांस तिची सवय झाली होती. सवय ही मोठी वाईट वस्तू आहे. दारापुढचा दगडांचा ढीग पहिल्या दिवशी डोळ्यांत सलतो, वर्षाने दिसेनासा होतो, आणि दहा वर्षांनी मुले त्यावर बसून खेळतात. अशा नगरात नहेम्या आला आणि ५२ दिवसांत कोट पुरा झाला. दगड तेच होते, माणसेही तीच होती. मग बदलले काय?

पहिली गोष्ट ही की, नहेम्या बोलण्यापूर्वी चालला. आल्यावर तीन दिवस त्याने कोणास काही सांगितले नाही. रात्री थोडकी माणसे घेऊन तो कोटाभोवती फिरला. एके ठिकाणी तर त्याच्या जनावरास पुढे जाण्यास वाट नव्हती. अशा रीतीने सर्व डोळ्यांनी पाहिल्यावर तो लोकांपुढे उभा राहिला, आणि ‘तुम्ही बांधा’ असे न म्हणता, आपण मिळून बांधू या, अशा अर्थाचे बोलला.

दुसरी गोष्ट अशी की, त्याने काम वाटून दिले, आणि ज्याला त्याला आपल्या घरासमोरचा भाग नेमून दिला. तिसऱ्या अध्यायात ‘आपल्या घरासमोर’ या अर्थाचे शब्द पुन्हा पुन्हा येतात. एक मनुष्य तर असा होता की, त्याने आपल्या खोलीसमोरचा भाग बांधला. ज्याच्यापाशी बहुधा एक खोलीच होती, त्यालाही वाटा मिळाला. सोनार आले, सुगंधी द्रव्ये करणारे आले, व्यापारी आले, याजक आले. शल्लूम नावाच्या अधिकाऱ्याबरोबर त्याच्या मुलीही आल्या. यांतील किती जणांनी पूर्वी दगड उचलला असेल?

तिसरी गोष्ट ही की, नावे लिहिली गेली. ज्यांनी केले त्यांची लिहिली, आणि ज्यांनी खांदा दिला नाही त्यांचीही गोष्ट लिहिली. तकोवा गावच्या श्रीमंतांनी आपली मान कामाखाली दिली नाही, असे तेथे म्हटले आहे. परंतु त्याच गावच्या साध्या लोकांनी आपला भाग संपवून दुसराही भाग बांधला. मोठे येत नाहीत म्हणून लहानांनी घरी बसावे, असे त्यांस वाटले नाही.

आता आम्हांस स्वतःविषयी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ती सांगण्यास आम्हांस लाज वाटते, तरी सांगितल्यावाचून पुढचा उपदेश करण्याचा आम्हांस अधिकार नाही.

आम्ही पूर्वी ज्या मंडळीत सेवेस होतो, ते गाव अवर्षणाच्या मुलखातले. फाल्गुन सरला की विहिरी तळास जात आणि चैत्रात टँकरची वाट पाहावी लागे. आमची वस्ती माळाच्या पायथ्याशी होती. एके वर्षी ग्रामसभेने ठरविले की, दर शनिवारी सकाळी सर्वांनी श्रमदान करून माळावर चर खणावे. आम्ही रविवारी व्यासपीठावरून त्याची सूचना दिली, शेजाऱ्यावर प्रीती करण्याविषयी अर्धा तास उपदेश केला, आणि सर्वांनी अगत्य जावे असे सांगितले. शनिवारी आमच्या वस्तीतून तिघे गेले. पुढील रविवारी आम्ही मंडळीस कडक शब्दांनी दोष दिला. त्यानंतरच्या शनिवारी दोघेच गेले.

त्या संध्याकाळी एका वृद्ध विधवा भगिनीच्या घरी आम्ही प्रार्थनेस गेलो होतो. प्रार्थना झाल्यावर ती म्हणाली, “पाळकसाहेब, रागावू नका, पण तुम्ही कुठं होता?” आम्ही म्हणालो, “आजी, आम्हांला तालुक्याला सभा होती.” ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सभा तर दुपारची होती ना? आणि दुसरं असं, की तुम्ही ‘सर्वांनी यावं’ म्हणालात. मला कोणी ‘तू ये’ म्हटलं नाही. म्हातारीचं काय काम, असंच मी समजले.”

बंधूंनो, सभा खरोखरच दुपारची होती. त्या बाईने दोन वाक्यांत आमचे दोन्ही अपराध आम्हांस दाखविले. आम्ही नहेम्याप्रमाणे आधी चाललो नव्हतो, आणि आम्ही कोणास त्याच्या घरासमोरचा भाग दिला नव्हता. ‘सर्वांनी’ हा शब्द व्यासपीठावरून फार गोड वाटतो. परंतु बाकांवर बसलेला प्रत्येक जण तो शब्द शेजाऱ्याकडे सरकवितो. सर्वांचे काम ते कोणाचेच नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही रोज संध्याकाळी घरोघर गेलो. तेथे आम्हांस अशी एक अडचण भेटली की, तिची कल्पना व्यासपीठावर आम्हांस कधी आली नव्हती. एक वडील बंधू ओसरीवर बसले होते. ते म्हणाले, “पाळकसाहेब, माझ्या आज्याला गावच्या विहिरीच्या काठावर पाय ठेवू देत नव्हते. वरून कोणी ओंजळीत पाणी ओतील तेव्हा तो प्यायचा. आता त्याच विहिरीला पाणी यावं म्हणून आम्ही घाम गाळायचा काय? आणि फुकटची कामं आमच्या वाडवडिलांनी थोडी केली काय?”

या बोलण्यास घाईने उत्तर देऊ नये. ते बोलणे खरे आहे. पाण्याच्या हक्कासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडास चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस हजारो लोकांसह जावे लागले. ज्या वतनापायी महारांच्या पिढ्यान्‌पिढ्या सरकारची व गावाची पडतील ती कामे करीत राहिल्या, ते वतन १९५८ च्या कायद्याने रद्द झाले. ज्याच्या घरी ही आठवण आहे, त्यास ‘जुने विसरा आणि फावडे घ्या’ असे सांगणे हा उपदेश नव्हे. ती निष्ठुरता होय.

नहेम्यापुढेही हाच प्रश्न आला होता. कोट निम्मा झाला होता, आणि गरिबांनी मोठा आक्रोश केला. त्यांची शेते व द्राक्षमळे सावकारांकडे गहाण पडले होते, त्यांची मुले दास झाली होती. आणि घेणारे परके नव्हते, भाऊबंदच होते. नहेम्याने त्यांस ‘आधी कोट पुरा करा, मग पाहू’ असे म्हटले नाही. त्याने मोठी सभा भरवून धनवानांस जाब विचारला, शेते परत देण्याची शपथ घेवविली, आणि स्वतः बारा वर्षे अधिपतीचा भत्ता घेतला नाही. पाचवा अध्याय तिसऱ्या व सहाव्याच्या मध्ये आहे, हे आम्ही विसरू नये. न्यायावाचून बांधलेला कोट फार दिवस टिकत नाही.

वेठ आणि सेवा यांत भेद आहे. दोहोंत हात तेच, घामही तोच. परंतु वेठीस धरलेल्याला बोलण्याचा अधिकार नसतो, आणि सेवा करणारा आपल्या घराचे काम करणाऱ्यासारखा बोलतो. म्हणून आम्ही त्या वडील बंधूंस म्हणालो, “दादा, आपण आधी ग्रामसभेत जाऊ, मग माळावर जाऊ.” ते आले. त्यांनी उभे राहून विचारले की, पाणी आले तर आमच्या वस्तीला इतरांच्या बरोबरीने मिळेल काय? काही वेळ कुजबुज झाली. एकदोघे उठूनही गेले. परंतु शेवटी तसा ठराव झाला आणि इतिवृत्ताच्या वहीत लिहिला गेला. येणाऱ्या शनिवारी त्या बंधूंच्या खांद्यावर टिकाव होता.

कोणी म्हणेल, गाव जर न्यायी नसेल तर ख्रिस्ती माणसाने त्याचे कल्याण का करावे? यिर्मयाने बाबेलातील बंदिवानांस जे पत्र पाठविले ते वाचा. ज्यांनी त्यांचे नगर उद्ध्वस्त केले, त्यांच्याच नगरात घरे बांधा, मळे लावा, त्या नगराचे हित पाहा व त्यासाठी प्रार्थना करा, असे देवाने त्यांस सांगितले. कारण त्या नगराच्या कुशलात त्यांचे कुशल होते. पाऊस पडला म्हणजे तो वस्ती विचारून पडत नाही, आणि जमिनीखालून झरपणारे पाणी कोणाची जात विचारीत नाही.

या कामात किती सामर्थ्य आहे, ते थोडक्यात पाहा. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी होते. वर्षास ४०० मिलिमीटर पडला तर त्या एका हेक्टरवर चाळीस लाख लिटर. उघड्या माळावरून ते माती घेऊन घटकेत ओढ्यास जाते. समपातळीवर खणलेला चर त्यास थांबवितो, तेथे ते मुरते, आणि खालच्या विहिरींस पुढे कित्येक दिवस पुरवठा करते. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने असेच चर खणले, आणि पावसाचा हिशेब मांडून कोणते पीक घ्यावे हे सर्वांनी मिळून ठरविण्याची रीत घातली. २०१६ साली वरुड, अंबाजोगाई व कोरेगाव या तीन तालुक्यांत गावांची श्रमदानाची स्पर्धा झाली. तीत कोरेगाव तालुक्यातील वेळू गाव पहिले आले. तिची मुदत ४५ दिवसांची होती. यरुशलेमेच्या कोटास ५२ लागले होते! आणि जो उपदेशक फावडे धरण्यास लाजतो, त्याने गाडगेबाबांची आठवण करावी. ते १९५६ साली वारले. दिवसा ते खराट्याने गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. आधी खराटा, मग कीर्तन. हा क्रम आम्ही पाळकांनी शिकण्यासारखा आहे.

आमच्या मंडळ्यांत एक जुना रोग आहे, तोही बोलून दाखवितो. पूर्वी छपराचे कौल फुटले तरी मंडळी मिशनच्या बंगल्याकडे पाही. आमची चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० साली झाली, बंगल्यातले साहेब गेले, परंतु मान त्या दिशेस वळण्याची सवय राहिली. आता ती सरकारी कचेरीकडे वळते. सरकारकडे आपला हक्क मागावा, तो अवश्य मागावा; परंतु मागणाऱ्याच्या हातात काही काम असले म्हणजे त्याच्या शब्दास वजन येते.

उपदेशक बंधूंनो, आम्ही तुम्हांस मोठा कार्यक्रम देत नाही. या महिन्यात एवढेच करा. आपल्या गावाभोवती एकदा पायी फिरा आणि काय पडले आहे ते पाहा : विहिरीचा कठडा, शाळेची वाट, ओढ्यावरचा साकव, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याचे छप्पर. त्यांतील एकच निवडा. घरोघर जाऊन प्रत्येकास नावाने सांगा, आणि त्याला झेपेल एवढा, त्याच्या दारासमोरचा भाग द्या. ठरलेल्या वेळेच्या आधी तुम्ही स्वतः तेथे असा. ज्यांनी केले त्यांची नावे रविवारी वाचा. जे आले नाहीत त्यांस दोष देऊ नका, पुन्हा त्यांच्या घरी जा. आणि ग्रामसभेचा दिवस चुकवू नका; २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी ती बहुधा भरते. आपल्या बहिणींस बरोबर न्या. मागल्या ओळीत बसू नका.

त्या आजीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. पुढच्या शनिवारी आमच्या वस्तीतून एकवीस माणसे माळावर गेली, आणि ती त्यांत होती. तिच्याने खणवत नव्हते. तिने मातीची घागर भरून आणली होती आणि ती प्रत्येकास पाणी देत होती. ज्या घरच्या लोकांनी तिच्या वडिलांस कधी भांड्यास हात लावू दिला नव्हता, त्या घरचा एक तरुण मुलगा तिच्यापुढे ओंजळ करून उभा राहिला. तिने त्याच्याकडे पाहिले, तांब्या त्याच्या हाती दिला आणि म्हणाली, “बाळ, तांब्यानं पी.”

त्या वर्षी आमचे चर निम्मेच झाले. पाऊसही बेताचाच पडला. विहिरींचे पाणी पूर्वीपेक्षा काही आठवडे अधिक टिकले, एवढेच. परंतु नहेम्याच्या चौथ्या अध्यायात लिहिले आहे की, कोटही एकदा निम्म्या उंचीस आला होता. आणि तो पुढे पुरा झाला, कारण लोकांचे मन कामात होते. मन कामात कसे येते, हे आम्हांस त्या तांब्यापाशी कळले.

प्रभु आम्हां पाळकांस आधी चालण्याची लाज न वाटो असे करो, आणि प्रत्येक घरास त्याच्या समोरचा कोट दाखवो. आमेन.